एजंटच्या हातून 'डिलीट' काढून घेताना: खरेदीच्या डेटाबेसवरच्या कामाच्या नोंदी

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव भागात कापूस, तूर आणि सोयाबीन खरेदी करते. सभासद, काटापावत्या, चुकारे (मालाचे शेतकऱ्यांना द्यायचे पैसे) असं सगळं ऑफिसातल्या एका मशीनवर पोस्टग्रेस 16 या डेटाबेस प्रणालीत आहे. 2025 पासून त्याला एआय एजंट, म्हणजे साध्या भाषेत सांगितलेलं काम डेटाबेसवर स्वतः पार पाडणारा प्रोग्राम, जोडला. कामं दोनच: कोणाचा चुकारा थकलाय, कोणत्या गावचा किती माल आला असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि सभासद यादीतल्या दुबार नोंदी शोधायच्या. दुसरं काम हातात घेतलं आणि हे सगळं उपसावं लागलं. असंच काही जोडणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांसाठी लिहून ठेवतोय.

25 ऑगस्ट 2025

आजची परिस्थिती. एजंट डेटाबेसमध्ये शिरतो तो खरेदीच्या ॲपच्याच युजरने, आणि तो युजर सगळ्या टेबलांचा मालक. मालक म्हणजे नुसतं डिलीट नव्हे, अख्खं टेबलच ड्रॉप करू शकतो. अडवायला काय आहे, तर सूचनांमध्ये एक ओळ: 'कोणतीही नोंद काढू नकोस.'

संचालक मंडळातले एक काका म्हणाले, "सांगतलं ना त्याले, उडवू नको म्हणून. मंग काऊन एवढा खटाटोप?" त्यांना जुलैमधलं रेप्लिटचं, म्हणजे एआय एजंटकडून ॲप बांधून देणाऱ्या सेवेचं, प्रकरण सांगितलं. जेसन लेमकिन नावाचे एक उद्योजक रेप्लिटच्या एजंटकडून ॲप बांधून घेत होते. बदल गोठवले आहेत, काही हलवू नको, असं बजावलेलं असताना एजंटने चालू डेटाबेस उडवला. वर सांगितलं की आता तो परत आणता येणार नाही. प्रत्यक्षात परत आणता आला.

मग आपल्याकडे काय होतं ते बघायला डेटाबेसची कॉपी काढली आणि एजंटला तिच्यावर सोडलं. काम दिलं, 'दुबार सभासद साफ कर.' 'काढू नकोस' ही ओळ होती तशीच ठेवली. त्याने दुबार वाटलेले सभासद डिलीट केले. त्याच्या लेखी ते काढणं नव्हतं, साफ करणं होतं. सभासदावरून पावत्यांवर आणि पावत्यांवरून चुकाऱ्यांवर 'ऑन डिलीट कॅस्केड' लावलेलं, ॲप बांधणाऱ्याने फार वर्षांपूर्वी सोयीसाठी लावून ठेवलेलं. त्या सभासदांबरोबर त्यांच्या पावत्या गेल्या, पावत्यांबरोबर चुकारे गेले. एजंटचा अहवाल मात्र असा: 'यादी स्वच्छ झाली.' गेल्या हंगामाच्या एकूण वजनाची बेरीज मारली तेव्हा खड्डा दिसला.

कॅस्केड आजच काढून 'रिस्ट्रिक्ट' केलं, म्हणजे खाली जोडलेल्या नोंदी असतील तर वरची काढताच येत नाही. हे एजंट नसता तरी करायलाच हवं होतं.

27 ऑगस्ट

कुलूप लावण्याआधी बॅकअप बघावा म्हटलं. रात्रीचा बॅकअप रोज होत होता, फायलींवर तारखाही बरोबर. साइज शून्य.

कारण असं निघालं. सर्व्हर 12 वरून 16 वर नेला तेव्हा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यादीत) पीजी-डंप, म्हणजे बॅकअप काढणारा प्रोग्राम, जुन्या 12 चाच राहिला. पीजी-डंप आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा बॅकअप घेत नाही, 'व्हर्जन मिसमॅच' म्हणून थांबतो. पण शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने) त्याच्या आधीच रिकामी फाइल तयार केलेली असते. फोल्डर उघडून बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. आता डंप संपल्यावर फाइलची साइज कालच्याशी ताडून बघणारी एक ओळ टाकलीय. फार कमी भरली तर मोबाइलवर मेसेज येतो.

नवा डंप दुसऱ्या मशीनवर चढवून पाहिला तर 'रोल अस्तित्वात नाही' अशा ओळींची रांग लागली. पीजी-डंप एका डेटाबेसचा माल उचलतो, युजर आणि रोल (कोणाला काय करता येईल ते ज्यांच्यावर ठरतं ती खाती) उचलत नाही. त्यासाठी पीजी-डंपऑल 'ग्लोबल्स ओन्ली' वेगळा घ्यावा लागतो. आपण जे कुलूप लावणार ते रोलमध्येच असणार, त्यामुळे ही फाइल बॅकअपमध्ये हवीच.

बॅकअप त्याच मशीनवर ठेवण्यातही अर्थ नव्हता. एक जुना डेस्कटॉप आणि 2 टीबीची डिस्क घेतली, 14 हजारांच्या आसपास गेले. आता खरेदीचं मशीन बॅकअप पाठवत नाही, हा डेस्कटॉप येऊन घेऊन जातो. म्हणजे खरेदीच्या मशीनवर कोणी काहीही केलं तरी बॅकअपच्या मशीनची किल्लीच तिथे नसते.

एजंटला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत माणसानेच चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली होती, आणि मग एकेक बॅकअप तपासताना कळलं की पीजी-डंपचा व्हर्जनच जुळत नव्हता. सुमारे 6 तासांचा डेटा गेला. कारण वाचून मला आमचंच फोल्डर दिसलं.

3 सप्टेंबर

महालक्ष्म्यांत काम बंदच होतं. आज परत बसलो.

एजंट आणि डेटाबेसच्या मधला एमसीपी सर्व्हर (एजंटला बाहेरची साधनं, म्हणजे टूल, जोडून देणारा दुवा) 'फक्त वाचन' मोडवर टाकला. तो काय करतो, तर क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमाचा, पहिला शब्द बघतो. 'सिलेक्ट' (नुसतं वाचणं) किंवा 'विथ' असेल तर जाऊ देतो. पोस्टग्रेसमध्ये 'विथ'च्या कंसात डिलीट लिहिता येतं आणि शेवटी सिलेक्ट करता येतं. कॉपीवर चालवून पाहिलं, ओळी गेल्या.

मग प्रत्येक क्वेरी 'रीड ओन्ली' ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे ज्यात फक्त वाचता येतं अशा गठ्ठ्यात, गुंडाळली. क्वेरीच्या सुरुवातीलाच 'कमिट;' लिहिलं की ट्रान्झॅक्शन तिथेच संपते आणि पुढचं वाक्य मोकळं सुटतं. एका वेळी एकच वाक्य स्वीकारणारा प्रीपेअर्ड स्टेटमेंटचा मार्ग घेतला तर ही फट बुजते. ती बुजवली.

तिसरा उपाय वेगळा करून पाहिला, क्वेरी न गुंडाळता: रोलवर 'डिफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली' चालू केलं. हे एजंटने स्वतःच काढलं. एरर वाचला, पुढच्या क्वेरीत 'सेट' करून ती सेटिंग बंद केली आणि काम उरकलं. कुठलाही डाव नव्हता, दिलेलं काम पूर्ण करण्यात अडथळा आला म्हणून त्याने तो बाजूला केला. नावात 'डिफॉल्ट' आहे, ते उगाच नाही. सेशन ती बदलू शकतं.

एमसीपीमध्ये प्रत्येक टूलवर 'रीड ओन्ली हिंट', 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' असे शिक्केही मारता येतात. मारले. पण ते टूल बनवणाऱ्याने स्वतःबद्दल दिलेलं प्रमाणपत्र आहे, कोणी त्याने अडत नाही.

मजकूर तपासून अडवायचा नाद आज सोडला. जे करायचं ते डेटाबेसच्या परवान्यांतच.

5 सप्टेंबर

एजंटसाठी वेगळा रोल. कशाचाच मालक नाही, लागतील तेवढ्याच व्ह्यूंवर (टेबलांतले निवडक रकाने दाखवणाऱ्या खिडक्यांवर) सिलेक्टचा परवाना. पोस्टग्रेस 14 पासून 'पीजी रीड ऑल डेटा' हा तयार रोल मिळतो, एका ओळीत काम होतं. घेतला नाही. त्यात आधार आणि बँक खात्याचे रकानेही उघडे पडतात, आणि थकीत चुकारे सांगायला एजंटला खाते नंबर लागत नाही.

दोन गोष्टींनी दिवस खाल्ला. 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' (पुढे बनणाऱ्या टेबलांचे परवाने आधीच ठरवणारा नियम) लिहूनही नवं टेबल एजंटला दिसेना. तो नियम ज्या रोलच्या नावाने लिहिला त्याने बनवलेल्या टेबलांनाच लागू होतो. मी ॲडमिनमधून लिहिला होता, टेबलं ॲपचा युजर बनवतो.

दुसरी गोष्ट उलटी. एजंटला 'पब्लिक' स्कीमात (टेबलांच्या सामाईक कप्प्यात) नवीन टेबल बनवता येत होतं. पोस्टग्रेस 15 पासून हे मुळातच बंद आहे असं समजून मी तिकडे बघितलंच नव्हतं. बंद आहे ते नव्या डेटाबेसमध्ये. आमचा 12 वरून आलेला, तो जुने परवाने सोबत घेऊन आला. तो परवाना काढून घेतला.

स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे एका क्वेरीला मिळणारा जास्तीत जास्त वेळ, 20 सेकंद ठेवला. काट्यावर गाड्यांची रांग असताना मशीन एजंटच्या अहवालात अडकायला नको.

11 सप्टेंबर

आता एजंटकडे फक्त सिलेक्ट. तरी कॉपीवरच्या पावत्या गेल्या.

जुन्या ॲपमध्ये 'हंगाम बंद' नावाचं फंक्शन आहे. वर्ष दिलं की त्या हंगामाच्या पावत्या जुन्या टेबलात हलवतं आणि चालू टेबलातून काढतं. ते 'सिक्युरिटी डिफायनर' आहे, म्हणजे बोलावणारा कोणीही असो, ते मालकाच्या अधिकाराने चालतं. आणि पोस्टग्रेसमध्ये नवीन फंक्शन बनलं की ते चालवायचा परवाना आपोआप सगळ्यांना मिळतो. एजंटला विचारलं होतं, '2023 च्या हंगामाचा हिशोब बंद झाला का?' त्याने फंक्शनांची यादी पाहिली, नाव जुळतंय म्हणून 'सिलेक्ट हंगाम बंद 2023' असं चालवलं. वाक्य सिलेक्टचं, काम डिलीटचं.

सगळ्या फंक्शनांवरून 'पब्लिक'चा, म्हणजे इथे सगळ्या युजरांचा, चालवण्याचा (एक्झिक्यूट) परवाना काढला. नंतर ॲप बंद पडलं, कारण त्यातले रिपोर्ट दुसऱ्या एका युजरने चालतात. एकेक फंक्शन हाताने परत दिलं. अख्खी संध्याकाळ त्यात गेली, मध्ये लाइट गेली ती वेगळी. पण हे करताना कळलं की अशी अजूनही फंक्शनं होती, आणि त्यातली निम्मी कोणी वापरतही नव्हतं.

16 सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव नाही, सोयाबीन शेतातच कुजतंय. खरेदी लांबणार. त्यामुळे कामाला वेळ मिळाला, पण असा मिळायला नको होता.

रिपोर्टचा कोड लिहायला आणखी एक एजंट ऑफिसच्या मशीनवर टर्मिनलमधून चालतो. त्याला डेटाबेसचा जोड दिलेलाच नाही, म्हणून मी त्याला धरतच नव्हतो. आज त्याचा लॉग वाचला. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सेटिंगची फाइल, तिच्यात मालक युजरचा पासवर्ड साधा लिहिलेला. त्याने तो घेऊन 'टेबलांची रचना तपासण्यासाठी' थेट लॉगिन केलं होतं. शिवाय तो चालत होता ऑपरेटरच्या खात्यावर, आणि त्या खात्याला पासवर्डशिवाय सुडो, म्हणजे मशीनवर काहीही करायचा अधिकार. तिथून पोस्टग्रेसचा सुपरयुजर एका ओळीवर.

म्हणजे दोन आठवडे मी पुढचा दरवाजा बंद करत होतो आणि हा मागच्या अंगणात बसलेला.

त्याला वेगळं लिनक्स खातं दिलं, सुडो नाही. मग ठरवलं की त्याला या मशीनवर ठेवायचंच नाही. बॅकअपच्या डेस्कटॉपवरही नाही, तिथे तर सगळाच माल. ऑपरेटरच्या जुन्या लॅपटॉपवर टाकला, सोबत नावं आणि नंबर बदललेली कॉपी. मालकाचा पासवर्ड बदलला, फाइल रूट (मशीनच्या सर्वाधिकारी) खात्याच्या ताब्यात दिली.

24 सप्टेंबर

आता मूळ काम. दुबार सभासद एकत्र करायचेच आहेत, नुसतं 'नाही' म्हणून चालणार नाही.

रचना अशी: एजंटला एका 'प्रस्ताव' टेबलात इन्सर्टचा (नवी ओळ टाकण्याचा) परवाना. हा सभासद त्याच्यात मिळवा, कारण अमुक. अपडेट नाही, डिलीट नाही, त्यामुळे मंजुरीनंतर प्रस्तावाचा मजकूर बदलायची सोयच नाही. माणूस मंजूर करतो, मग दुसऱ्या रोलने चालणारं फंक्शन विलीनीकरण करतं. तेही ओळ काढत नाही. जुन्या सभासदावर 'यात विलीन' असा नंबर टाकतं, पावत्या वळवतं आणि आधीची स्थिती बदल-नोंदीत ठेवतं. उलटं फिरवायचं फंक्शन त्याच दिवशी लिहिलं आणि आधी तेच तपासलं.

इन्सर्ट देऊनही एजंटला एरर येत होता. तो शेवटी 'रिटर्निंग' लावून नवा नंबर मागतो, त्याला सिलेक्टही लागतं. तेवढ्या रकान्यावर दिलं.

वरून एक ट्रिगर, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारी तपासणी. एका वाक्यात 25 पेक्षा जास्त ओळी बदलल्या की एरर, सगळं मागे. अपडेटसाठी वेगळा, डिलीटसाठी वेगळा ट्रिगर लिहावा लागतो, आणि ट्रंकेट (अख्खं टेबल एकदम रिकामं करणं) या दोघांनाही दिसत नाही, त्याचा तिसरा.

ट्रिगरमध्ये कोण बदलतंय हे 'करंट युजर'वरून बघत होतो. त्याने एजंटच्या रोलसाठी काही अडेना. सिक्युरिटी डिफायनर फंक्शनच्या आत करंट युजर म्हणजे फंक्शनचा मालक होतो. 'सेशन युजर' बघायला हवं. एक शब्द बदलला, चालू झालं.

7 ऑक्टोबर

मंजुरीचं काम हिशोबाच्या ताईंकडे. स्क्रीनवर एजंटने दिलेलं कारण आणि खाली 'मंजूर', 'नामंजूर'. पहिल्या दिवशी ताई प्रत्येक प्रस्ताव वाचत होत्या. आठवड्याने पाहिलं तर बोट सरळ मंजूरवर. दोष त्यांचा कसा म्हणायचा? कारण नेहमी एकाच सुरात लिहिलेलं, नेहमी पटण्यासारखं: 'नाव, गाव आणि बँक खाते जुळते.'

त्यातलाच एक प्रस्ताव. आडनाव एक, गाव एक, खातं एक. ते मायलेक होते, जोडखातं. जमीन आईच्या नावावर, सातबारावर कपाशीचा पेरा आईच्याच नावाने. मुलाच्या नोंदीत आई विरघळली असती तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर तिच्या सातबाराशी जुळणारा सभासदच आमच्या यादीत राहिला नसता. ताई त्या गावच्या, म्हणून धरलं: "अवो, हे तं आमच्या वाड्यातली बुढी हाय. पोरगा येगळा, ते येगळी."

स्क्रीन बदलली. एजंटचं कारण खाली, बारीक अक्षरात. वर डेटाबेसमधून थेट काढलेल्या दोन नोंदी शेजारी शेजारी: गट नंबर, जन्मवर्ष, पावत्यांची संख्या, न जुळणारा रकाना लाल. जन्मवर्ष किंवा गट नंबर वेगळा असेल तर मंजूरचं बटणच येत नाही, कागद बघून कारण लिहावं लागतं. आणि एका बैठकीत 10 प्रस्ताव, त्यावर नाही. वेग कमी झाला, एजंट पटापट शोधतो आणि प्रस्ताव पडून राहतात. राहू देत.

त्याच दिवशी ताई जे बोलल्या त्याने माझी यादीच उलटी झाली. "तुमी उडवन्याचं काय घेऊन बसले बाप्पा? उडलं तं दिसते ना, मानूसच नाही यादीत. खात्याचा नंबर बदलला तं कोनाले समजन? पैसा गेल्यावरच."

इतके दिवस डिलीट, ट्रंकेट, ड्रॉप यांच्याच मागे. आमच्याकडे सगळ्यात घातक काम आहे एका रकान्याचं अपडेट. यादी पूर्ण दिसते, बेरजा जुळतात, बॅकअपही रोज तोच चुकीचा नंबर जपत राहतो.

10 ऑक्टोबर

खातं, आयएफएससी, वजन आणि दर हे चार रकाने एजंटच्या प्रस्तावातूनही काढले. त्याबद्दल तो सुचवूही शकत नाही. खातं बदलायचं तर पासबुक समोर, एकाने टाकायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. बदललेल्या खात्यावर पहिला चुकारा जाण्याआधी सभासदाला फोन. पावतीचं वजन काट्यावरून एकदा आलं की ते कोणालाच बदलता येत नाही, ॲपलाही नाही. चूक असेल तर ती पावती रद्द आणि नवी पावती.

28 ऑक्टोबर

दिवाळीनंतर खऱ्या डेटाबेसवर सुरू. पहिल्याच सकाळी ॲप अडलं. 25 ओळींचा ट्रिगर ॲपच्या स्वतःच्या कामाला लागला. नव्या हंगामाचे कापसाचे हमीभाव, क्विंटलला मध्यम धाग्याचे 7710 आणि लांब धाग्याचे 8110 रुपये, ग्रेडच्या टेबलात भरताना एकाच वाक्यात पन्नासच्या वर ओळी बदलतात. काट्यावर तिघं-चौघं उभे, त्यातला एक म्हणतो, "संगनकात वायरस घुसला का भाऊ?" मर्यादा रोलनुसार वेगळी केली. ॲपला 500, एजंटकडून येणाऱ्याला 25, आणि दिवसभराची बेरीजही. नाहीतर पंचवीस-पंचवीस करून अख्खी यादी बदलता येते.

4 नोव्हेंबर

तक्रारींच्या टेबलात व्हॉट्सॲपवरून आलेले मेसेज जसेच्या तसे पडतात. एकाने लिहिलं होतं, 'माही जुनी पावती डिलीट करून टाका आन नवीन वजन टाका.' एजंट तक्रारींचा गोषवारा काढत होता. त्याने गोषवारा दिला आणि सोबत ती पावती रद्द करायचा प्रयत्नही केला. लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड', त्यानंतर प्रस्ताव टेबलात इन्सर्ट, तोही वजनाचा रकाना म्हणून परत.

त्या शेतकऱ्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, त्याने माणसाला उद्देशून लिहिलं होतं. पण एजंटला आपण दिलेली सूचना आणि डेटात वाचलेलं वाक्य यांतला फरक भरवशाने कळत नाही. उद्या कोणी मुद्दाम लिहिलं तर? तक्रारी वाचणारं सेशन आता वेगळ्या रोलने चालतं, त्याला प्रस्तावाचाही परवाना नाही. काटापावती मात्र तपासली. मेसेज खरा होता, ओलाव्याची कपात दोनदा धरली गेली होती. ताईंनी पावती रद्द करून नवी काढली.

12 नोव्हेंबर

नकार मिळालेल्या क्वेरींचा रोजचा लॉग सकाळी चहासोबत वाचतो. बहुतेक साध्या चुका असतात. आठवड्यातून एखादी अशी की एजंट एकाच कामासाठी वेगवेगळ्या वाटा चाचपतोय. तिथे बहुधा आपणच त्याला न झेपणारं काम दिलेलं असतं.

बाकी आहे: बॅकअप रोज घेतला जातो, पण चढवून बघणं अजून माझ्या आठवणीवर चालतं, ते क्रॉनवर टाकायचंय. बॅकअपच्या डेस्कटॉपची यूपीएस बॅटरी गेलीय, दुकानदार पांढरकवड्याहून आणतो म्हणतो. आणि तुरीची आवक सुरू व्हायच्या आत ॲपची 500 ची मर्यादा परत तपासायची, तेव्हा एका रात्रीत किती ओळी हलतात ते गेल्या वर्षीच्या लॉगमधून काढायचं आहे.